हेमेटाइटच्या फोटोॲनोडमध्ये प्रभार विलगीकरण नेमके कशाने सुधारते?

लोहभस्म (प्रश्न)

नमस्कार. सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन करण्यासाठी मी हेमेटाइटचे (लोहाच्या एका ऑक्साइडचे) फोटोॲनोड, म्हणजे प्रकाश पडल्यावर पाण्याचे ऑक्सिडेशन करणारे इलेक्ट्रोड, तयार करतो. फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडच्या वाहक काचेवर जलऔष्णिक पद्धतीने आधी आयर्न ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या काड्या वाढवायच्या आणि नंतर भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला अनील करून त्यांचे हेमेटाइटमध्ये रूपांतर करायचे, अशी ही परिचित कृती आहे. थराची जाडी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि प्रत्येक काडीचा व्यास साधारण ५० नॅनोमीटर आहे. क्ष-किरण विवर्तनात हेमेटाइटखेरीज दुसरे काही दिसत नाही आणि रंगही अपेक्षेप्रमाणे गडद लाल आहे.

अडचण फोटोकरंटची आहे. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, प्रमाणित सौर प्रकाशात, प्रतिवर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत १.२३ व्होल्टला जेमतेम अर्धा मिलिॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटर मिळतो. हेमेटाइटचे ऊर्जा-अंतर सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने तत्त्वतः १२.६ मिलिॲम्पिअरपर्यंत मजल जायला हवी, असे सर्वत्र लिहिलेले असते. पृष्ठभागावर कोबाल्ट-फॉस्फेट उत्प्रेरकाचा पातळ थर दिल्यावर फोटोकरंट सुरू होण्याचा विभव शंभरेक मिलिव्होल्टने खाली आला, पण पुढे आलेख जिथे सपाट होतो तिथली उंची जवळपास होती तेवढीच राहिली.

संशोधन-लेख वाचू लागलो की गोंधळ वाढतो, कारण डोपिंग (थोडे परके अणू मिसळणे), नॅनोरचना, दोन अर्धवाहकांचे संधिस्थान, ऑक्सिजनच्या रिक्त जागा, उत्प्रेरक अशा प्रत्येक उपायाच्या शेवटी 'त्यामुळे प्रभार विलगीकरण (प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांपासून दूर नेणे) सुधारले' हे एकच वाक्य येते. माझ्या नमुन्यात कशाची उणीव आहे हे कसे ठरवावे? आणि खाली टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन संधिस्थान करण्याचा माझा विचार आहे, तो योग्य दिशेने आहे का?

---

विद्युतरसायनी

आपल्या वर्णनातच अर्धे निदान दडलेले आहे. कोबाल्ट-फॉस्फेटने आरंभ-विभव सरकला आणि सपाट भाग हलला नाही, याचा अर्थ उत्प्रेरकाने पृष्ठभागावरचा पुनर्संयोग (इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र येऊन संपणे) कमी केला, पण पृष्ठभागापर्यंत पोहोचणाऱ्या होलांची (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या धन प्रभाराच्या जागांची) संख्या त्याने वाढली नाही. विभव पुरेसा जास्त असताना पृष्ठभागावर आलेला बहुतेक प्रत्येक होल पाण्याच्या ऑक्सिडेशनमध्ये खर्च होतो. तिथेही प्रवाह तोकडा पडत असेल, तर होल वाटेतच, म्हणजे थराच्या आतच संपत आहेत.

हे अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. फोटोकरंट म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: शोषलेल्या प्रकाशातून मिळू शकणारा कमाल प्रवाह, विलगीकरणाची कार्यक्षमता आणि पृष्ठभागावरून द्रवात होल सोपवण्याची कार्यक्षमता. शेवटचा घटक बाजूला काढण्यासाठी इलेक्ट्रोलाइटमध्ये ०.५ मोलर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तेच मोजमाप पुन्हा करावे. पेरॉक्साइडचे ऑक्सिडेशन इतके सुलभ असते की पृष्ठभागावर आलेला जवळजवळ प्रत्येक होल त्यात खपतो. त्यामुळे पेरॉक्साइडमधल्या प्रवाहाला शोषणाच्या कमाल प्रवाहाने भागले की विलगीकरण मिळते, आणि साध्या द्रावणातल्या प्रवाहाला पेरॉक्साइडमधल्या प्रवाहाने भागले की पृष्ठभागाची कार्यक्षमता मिळते. हेमेटाइटसाठी ही पद्धत २०११ पासून चांगलीच रुळली आहे. बिस्मथ व्हॅनेडेटसाठी हेच काम बहुधा सोडियम सल्फाइटकडून करून घेतात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक म्हणजे अंधारातला प्रवाह वेगळा मोजून वजा करावा, कारण वाहक काच उघडी राहिलेली असेल तर पेरॉक्साइड तिच्यावर प्रकाशाशिवायही ऑक्सिडाइझ होते. दुसरे पथ्य शोषणाचे आहे. १२.६ हा आकडा छेदस्थानी घालू नये. तो ऊर्जा-अंतरापेक्षा जास्त ऊर्जेचा प्रत्येक फोटॉन शोषला गेला असे धरून काढलेला आहे. आपल्या थराने प्रत्यक्षात किती प्रकाश शोषला हे समाकलन-गोलाने (सर्व दिशांना विखुरलेला प्रकाश गोळा करून मोजणाऱ्या पोकळ गोलाने), परावर्तन आणि काचेचे स्वतःचे शोषण वजा करून मोजावे लागते. येथे हलगर्जीपणा झाला की पुढचे सगळे गणित शोभेचे उरते. जाता जाता, मेथॅनॉलसारखे पदार्थ या कामासाठी वापरू नयेत. टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडवर त्यांचा अर्धवट ऑक्सिडाइझ झालेला रेणू स्वतःच एक इलेक्ट्रॉन अर्धवाहकात ढकलतो आणि प्रवाह दुप्पट झाल्याचा आभास होतो.

आता हेमेटाइटमध्ये होल वाटेत का संपतात ते पाहू. ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची तीव्रता हेमेटाइटमध्ये सुमारे ११८ नॅनोमीटर खोलीवर ३७ टक्क्यांवर येते, तर होलाची विसरण-लांबी (संपण्याआधी तो स्वबळावर कापू शकतो ते अंतर) पारंपरिक मोजमापांनुसार केवळ २ ते ४ नॅनोमीटर आहे. म्हणजे बहुसंख्य होल अशा जागी जन्मतात जिथून स्वबळावर पृष्ठभाग गाठणे त्यांना अशक्य असते. त्यांना वाचवू शकते ते फक्त पृष्ठभागालगतच्या डिप्लीशन थरातले, म्हणजे मुक्त इलेक्ट्रॉन रिकामे झालेल्या पट्टीतले, विद्युतक्षेत्र. या थराची रुंदी दाता-अणूंच्या (मुक्त इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या अणूंच्या) घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. सापेक्ष परावैद्युतांक ३२ आणि पट्ट्यांचा वाक १ व्होल्ट धरला, तर घन सेंटिमीटरला १०^१९ दात्यांना ही रुंदी सुमारे १९ नॅनोमीटर येते, १०^१८ ला ६० आणि १०^२० ला जेमतेम ६.

१९५९ मध्ये गार्टनर यांनी मांडलेल्या सूत्रात हे आकडे घातले, म्हणजे डिप्लीशन थरात जन्मलेले सर्व होल वाचले आणि त्याच्या पलीकडचे फक्त विसरण-लांबीपुरते वाचले असे धरले, तर सपाट हेमेटाइट थरात ५५० नॅनोमीटरला १०^१९ घनतेसाठी सुमारे १७ टक्के होल हाती लागतात आणि १०^१८ साठी ४१ टक्के. हे आकडे आदर्श अवस्थेतले आहेत, कारण डिप्लीशन थराच्या आतही पुनर्संयोग होतच असतो. तरी दोष कुठे आहे हे त्यांवरून स्पष्ट होते.

टायटॅनियम डायऑक्साइडविषयी: नेहमीच्या अर्थाने ते संधिस्थान होणार नाही. हेमेटाइटचा वहन-पट्टा (मुक्त इलेक्ट्रॉन ज्यातून वाहतात तो ऊर्जा-पट्टा) टायटॅनियम डायऑक्साइडच्या वहन-पट्ट्यापेक्षा खालच्या ऊर्जेवर आहे. म्हणजे मागच्या काचेकडे निघालेल्या इलेक्ट्रॉनला मधेच चढ लागेल. असा तळथर दिल्यावर फोटोकरंट वाढल्याचे जे अनुभव आहेत, त्यांमागे बहुतांशी उच्च तापमानाला टायटॅनियम हेमेटाइटमध्ये शिरून डोपिंग होणे किंवा अतिशय पातळ थराने काचेकडे जाणारे होल अडवणे ही कारणे असतात. डोपिंगच हवे असेल तर ते वाढीच्या द्रावणात टायटॅनियमचे संयुग मिसळून सरळ करावे.

---

क्ष-अक्ष

वरचे निदान मान्य आहे, परंतु सपाट थराचे गणित काड्यांना जसेच्या तसे लावल्यास निष्कर्ष नेमका उलटा निघेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

५० नॅनोमीटर व्यासाच्या काडीत होलाला जास्तीत जास्त २५ नॅनोमीटर अंतर कापायचे असते. प्रकाश लांबीच्या दिशेने शोषला जातो आणि होल आडव्या दिशेने बाहेर पडतो, हेच काड्यांचे आकर्षण. पण आडव्या दिशेने विद्युतक्षेत्र असेल तरच याचा उपयोग. पूर्णपणे रिकाम्या झालेल्या दंडगोलात मध्य आणि पृष्ठभाग यांमध्ये जास्तीत जास्त किती विभवांतर राहू शकते, हे दाता-घनता आणि त्रिज्येचा वर्ग यांवर ठरते. २५ नॅनोमीटर त्रिज्येला १०^१८ घनता असेल तर हे विभवांतर ०.०९ व्होल्टच्या आसपास भरते. १०^१९ असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट. म्हणजे सपाट थराला जी कमी घनता लाभदायक, तीच काडीला मारक ठरते: काडी आरपार रिकामी होते, आडवे क्षेत्र नाममात्र उरते आणि आपण बाहेरून लावलेला उरलेला विभव तळाशी, काचेजवळ खर्ची पडतो. केवळ ५५० अंशांना अनील केलेल्या, मुद्दाम डोप न केलेल्या काड्यांचा फोटोकरंट कमी असतो, त्यामागे मला हे एक मोठे कारण वाटते.

याच संदर्भात एका प्रचलित स्पष्टीकरणावर आक्षेप नोंदवतो. 'डोपिंगने वाहकता वाढली, म्हणून विलगीकरण सुधारले' असे सर्रास लिहिले जाते. हेमेटाइटमध्ये इलेक्ट्रॉन लोहाच्या अणूंवर स्थिरावतो, भोवतालच्या स्फटिक-जाळीला थोडे वाकवतो आणि एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. त्यामुळे त्याची गतिशीलता अत्यंत कमी असते हे खरे. तरीही प्रति व्होल्ट-सेकंद ०.०१ चौरस सेंटिमीटर एवढी गतिशीलता आणि १०^१८ घनता धरून ३०० नॅनोमीटर जाडीच्या, १ चौरस सेंटिमीटर थराचा रोध काढून पाहावा. तो एका ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका येतो. एक मिलिॲम्पिअरला एवढा रोध कुठे जाणवणार? अगदी शुद्ध हेमेटाइटची गोष्ट वेगळी, कारण तिथे मुक्त इलेक्ट्रॉनच नगण्य असतात. एकदा दाते पुरेसे झाले की प्रश्न थराच्या अंगभूत वाहकतेचा फारसा राहत नाही. तो कण-सीमांचा, काच आणि हेमेटाइट यांच्यामधल्या अडथळ्याचा आणि विद्युतक्षेत्राच्या आकाराचा होतो. डोपिंग उपयोगी आहे, पण ते कशासाठी उपयोगी आहे हे ठरल्याशिवाय किती करावे हे ठरत नाही.

शिवाय, दाता-घनता मॉट-शॉट्की आलेखावरून (विभवानुसार धारिता कशी बदलते त्यावरून) काढणार असाल तर जपून काढावी. ते समीकरण सपाट पृष्ठभागासाठी आहे आणि त्यात क्षेत्रफळाचा वर्ग येतो. काड्यांचे खरे क्षेत्रफळ भौमितिक क्षेत्रफळाच्या तिप्पट असेल आणि आपण भौमितिक घातले, तर घनता नऊ पट फुगून दिसते. मधूनमधून हेमेटाइटसाठी १०^२१ सारखे आकडे छापून येतात, त्यांतल्या काहींचे मूळ येथेच असावे अशी मला शंका आहे.

---

लोहभस्म

दोघांचेही आभार. सुचवल्याप्रमाणे मोजमाप केले. पेरॉक्साइडमध्ये १.२३ व्होल्टला प्रवाह दुपटीहून थोडा जास्त, म्हणजे १.१ मिलिॲम्पिअरच्या आसपास येतो. समाकलन-गोलाने काढलेला शोषणाचा कमाल प्रवाह सुमारे ७ मिलिॲम्पिअर आहे. म्हणजे विलगीकरण १६ टक्क्यांच्या आसपास आणि पृष्ठभागाची कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या आसपास. कोबाल्ट-फॉस्फेट दिलेल्या नमुन्यातही पेरॉक्साइडमधला प्रवाह तेवढाच राहतो.

आता डोपिंगकडे वळायचे ठरवले आहे. ८०० अंशांना थोडा वेळ तापवून काचेतले टिन वर हेमेटाइटमध्ये येऊ द्यावे, की आपण म्हणता तसे द्रावणातच टायटॅनियम मिसळावे? आणि बिस्मथ व्हॅनेडेटमध्ये ज्या युक्त्यांनी विलगीकरण ८० टक्क्यांपर्यंत नेले गेले, त्या येथे चालतील का?

---

विद्युतरसायनी

८०० अंशांचा मार्ग परिणामकारक आहे, पण त्यात तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात: टिन शिरते, स्फटिकाची प्रत सुधारते आणि काड्या एकमेकींत वितळल्यागत जाड होतात. वर त्या तापमानाला काच मऊ पडते आणि वाहक थराचा रोध वाढतो. फोटोकरंट वाढला तरी तो कशामुळे वाढला हे सांगता येत नाही. आपला मूळ प्रश्नच 'कशाने सुधारते' असा असल्यामुळे मी टायटॅनियमपासून सुरुवात करेन; तापमान तेच ठेवून फक्त प्रमाण बदलता येते, आणि शोषणाचा आलेख व काडीचा व्यास प्रत्येक नमुन्यात तपासून इतर काही बदलले नाही याची खात्री करता येते.

---

पिवळा थर

बिस्मथ व्हॅनेडेटवर काम करत असल्याने शेवटच्या प्रश्नापुरते लिहिते.

आमच्या पदार्थाचा रोग वेगळा आहे, आणि म्हणूनच औषध वेगळे आहे. बिस्मथ व्हॅनेडेटमध्ये होलांची विसरण-लांबी ७० ते १०० नॅनोमीटरच्या घरात सांगितली जाते, म्हणजे हेमेटाइटच्या मानाने होल सुखात असतात. अडतात ते इलेक्ट्रॉन. याची सोपी खूण म्हणजे प्रकाश कोणत्या बाजूने पाडला की प्रवाह जास्त मिळतो हे पाहणे. न डोप केलेल्या बिस्मथ व्हॅनेडेटवर काचेच्या बाजूने प्रकाश पाडला की प्रवाह वाढतो, कारण मग इलेक्ट्रॉन काचेजवळच जन्मतात आणि त्यांना थोडेच अंतर कापावे लागते. घट्ट, भरीव हेमेटाइट थरात बहुधा याच्या उलट होते. आपण दोन्ही बाजूंनी मोजलेले दिसत नाही. ते आधी करावे, कारण त्याला प्रकाशाची दिशा बदलण्यापलीकडे काहीच खर्च नाही.

८० टक्क्यांचा जो उल्लेख आपण केला आहे, तो बहुधा २०१३ मधल्या टंगस्टनच्या क्रमिक डोपिंगचा असावा. त्यात काचेलगत १ टक्का टंगस्टन ठेवून पृष्ठभागापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी ते शून्यावर आणले होते. सगळीकडे सारखे डोपिंग केले तर विद्युतक्षेत्र फक्त द्रवालगतच्या अरुंद पट्टीत एकवटते. प्रमाण क्रमाने उतरते ठेवले की शेजारशेजारच्या पायऱ्यांमध्ये फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन कुठवर भरले आहेत ती ऊर्जा-पातळी) जुळताना ऊर्जा-पट्टे थराच्या पूर्ण जाडीभर कलतात, आणि इलेक्ट्रॉन मागे, होल पुढे असे ढकलले जातात. ही कल्पना सपाट थराची आहे. काड्यांच्या लांबीच्या दिशेने असा उतार केला तर हेमेटाइटच्या होलांना त्याचा फारसा लाभ नाही, कारण त्यांना ३०० नॅनोमीटर लांबीभर चालवत नेणे कोणत्याही उताराला जमणार नाही. उतार हवा असेल तर तो काडीच्या त्रिज्येच्या दिशेने हवा, म्हणजे गाभा जास्त डोप केलेला आणि कवच कमी.

टंगस्टन ऑक्साइडवर बिस्मथ व्हॅनेडेट चढवण्याचा मार्गही असाच पाहावा. तिथे पट्ट्यांची रचना अनुकूल असल्यामुळे इलेक्ट्रॉन टंगस्टन ऑक्साइडमध्ये उतरतो आणि होल मागे राहतो; पण उतरणे म्हणजे ऊर्जा गमावणे. मिळालेला प्रवाह विभवाच्या रूपात फेडावा लागतो, आणि बाहेरून विभव न लावता चालणारी जोडणी उभारायची असेल तर ही फेड जड जाते. विलगीकरणाची टक्केवारी सांगताना ती कोणत्या विभवाला मोजली हे न सांगणे, हा आमच्या क्षेत्रातला एक वाईट पायंडा आहे.

उत्प्रेरकाबद्दल आपल्याला जे दिसले त्याला आमच्याकडेही दुजोरा आहे. तीव्रता लयबद्ध कमी-जास्त होणाऱ्या प्रकाशाने केलेल्या मोजमापांवरून २०१७ मध्ये असे दाखवले गेले की बिस्मथ व्हॅनेडेटवरचे कोबाल्ट-फॉस्फेट अभिक्रियेचा वेग वाढवत नाही, तर पृष्ठभागावरचा पुनर्संयोग दाबते.

---

क्ष-अक्ष

काड्यांखेरीज आणखी एक वाट आहे, तिचाही विचार व्हावा. डिप्लीशन थरातल्या क्षेत्राच्या मदतीने होल जितके अंतर चालू शकतो तितकाच, म्हणजे २० ते ३० नॅनोमीटर, थर द्यायचा आणि कमी पडणारे शोषण प्रकाश अडकवून भरून काढायचे. २०१३ मध्ये हेमेटाइटचा असा अतिपातळ थर परावर्तक धातूवर देऊन व्यतिकरणाच्या साहाय्याने प्रकाश त्यातच कोंडण्याचे काम प्रसिद्ध झाले. अडचण अशी की हेमेटाइटच्या पातळ थरातले काचेलगतचे पहिले काही नॅनोमीटर बरेचदा मृतवत असतात. सिलिकॉन ऑक्साइडचा जवळजवळ एकरेणवीय लेप किंवा गॅलियम ऑक्साइडचा तळथर देऊन हा दोष पुष्कळ कमी करता येतो, हे आधीच्या काही वर्षांत दिसून आले होते. आपल्याला तळथरच द्यायचा असेल तर टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा हे दोन मला अधिक उचित वाटतात.

राहता राहिली एक शंका, जी १६ टक्क्यांचा अर्थ लावण्याआधी फेडून घ्यावी. हेमेटाइटने शोषलेला प्रत्येक फोटॉन चालता इलेक्ट्रॉन आणि चालता होल देतोच असे नाही. दृश्य प्रकाशाच्या लांब तरंगलांबीकडच्या भागात काही शोषण लोहाच्या अणूच्या आतल्या आत, एका डी-कक्षेतून दुसरीत होते. त्यातून निघालेली उत्तेजित अवस्था जागच्या जागी विझते. ती शोषणाच्या हिशेबात मोजली जाते आणि विलगीकरणाचा आकडा विनाकारण खाली ओढते. हा तोटा कोणतेही डोपिंग किंवा काडी भरून काढू शकत नाही.

तो वेगळा ओळखण्यासाठी पेरॉक्साइडमध्येच, एकवर्णी प्रकाश वापरून, ४०० आणि ५५० नॅनोमीटरला शोषलेल्या फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन मिळतात ते मोजा. भरीव थरात या दोहोंमधला फरक शोषणाच्या खोलीमुळेही पडतो, म्हणून शक्य असल्यास हेच मोजमाप २० नॅनोमीटरच्या एखाद्या सपाट थरावरही करून ठेवा. तिथे खोलीचा मुद्दा जवळपास निकालात निघतो, आणि तरीही ५५० ला आकडा घसरला तर ती घसरण वहनातली नव्हे. टायटॅनियमचे प्रमाण वाढवत नेताना ४०० चा आकडा वर गेला आणि ५५० चा त्या मानाने मागे राहिला, तर डोपिंगने आपले काम केले आहे असे समजून थांबावे आणि पुढचे लक्ष पृष्ठभागाच्या ४५ टक्क्यांकडे वळवावे.